बोटीवर कोणीतरी हवं

माझा भाऊ रेइनो पाहुणा म्हणून यायचा असला की मी आधी घरातले पाने आणि स्क्रूड्रायव्हर लपवून ठेवते. माणूस वाईट नाही हो. पण हात स्वस्थ राहत नाहीत त्याचे. जन्मभर प्रेअरीतल्या गव्हाच्या मुलखात ट्रॅक्टर दुरुस्त केले, आता निवृत्त झाला, तर दिसेल ते दुरुस्त करत सुटतो. मग ते बिघडलेलं असो नाहीतर नसो. मागच्या खेपेला त्यानं आमच्या सौनाचं, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराचं, दार असं काही 'नीट' केलं की माझा नवरा आर्वो आत अडकला आणि त्याला खिडकीतून बाहेर ओढावा लागला. अंगावर काय होतं ते विचारू नका. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी म्हणतात ना, तो न्हावी म्हणजे आमचा रेइनो.

त्या उन्हाळ्यात तो आला तो थेट आमच्या बोटीवर. आणि बोटीवरची हत्यारं लपवायची मी विसरले.

बोटीचं आधी सांगते. आर्वो आणि मी दोघंही सोइंतुलाची, फिनिश लोकांनी वसवलेल्या त्या बेटावरच जन्मलेली. आर्वो साल्मन पकडायचा. आठवडाभर समुद्रात जाळी ओढून आला की इतर पुरुष झोपायचे, आणि हा म्हणायचा, चल सायमा, कयाक काढू. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं कयाकमधून, त्या एकेकट्यानं वल्हवायच्या चिंचोळ्या होड्यांतून, हिंडलो. समोरच्या मुख्य किनाऱ्यावर जेवढ्या खाड्या आहेत तेवढ्यांत वल्हं मारलं, बेटाबेटांवर तंबू ठोकले. आणि खरं सांगायचं तर मी त्याच्यापेक्षा चांगली वल्हवते. तोही हे कबूल करतो, फक्त चारचौघांत नाही.

पुढे माझा खुबा गेला. डॉक्टरांनी नवा बसवला, म्हणाले, चाला, पोहा, पण ओल्या जमिनीवर झोपणं आणि खडकांवर उड्या मारणं बंद. तेव्हा आर्वोनं एक छोटी जुनी मोटरबोट घेतली. आमच्या कयाकवाल्या मित्रांनी तोंडं अशी वाकडी केली की जणू आम्ही धर्म सोडला. "काय, मोटरवाले झालात?" म्हणे. झालो बाबांनो. तुम्ही झोपा ओल्या तंबूत, पुण्य लागेल. आम्ही कोरड्या गादीवर झोपतो आणि सकाळी शेगडीवर कॉफी उकळते.

रीत अशी, की छपरावर आमच्या दोन आणि पाहुण्याची एक अशा तीन कयाक बांधायच्या, बोट घेऊन एखाद्या शांत खाडीत जायचं, नांगर टाकायचा आणि दिवसभर कयाकमधून आजूबाजूला हिंडून संध्याकाळी बोटीवर परतायचं. ऐकायला किती छान! यात एकच गोम आहे. बोटीवर कोणीतरी हवं. आमच्याकडे पाणी दोन-दोन मजले चढतं आणि उतरतं, वारा कधी फिरेल सांगता येत नाही, नांगर सुटला तर बोट जाते निघून. आमच्या शेजारचं एक कुटुंब किनाऱ्यावर बेरी तोडायला उतरलं होतं. तोंडं जांभळी करून परत आलं तर बोट नाही! म्हणून आमच्यात नियम आहे, एकजण बोटीवर थांबायचा. आणि खुबा बदलल्यापासून तो एकजण म्हणजे कोण, हे कोणी विचारतही नाही.

दोन उन्हाळे मी बोटीवर बसून काढले. माझी हिरवी कयाक छपरावर आपली जातेय-येतेय. तिला समुद्र दिसतो, पाणी लागत नाही. माझंही तेच.

त्या दिवशी आम्ही एका खाडीच्या टोकाला नांगर टाकला होता. तिथे डोंगरांच्या पोटात एक मोठं खाऱ्या पाण्याचं तळं आहे आणि आत जायला एकच अरुंद खिंड. भरतीला सगळा समुद्र त्या खिंडीतून आत घुसतो आणि ओहोटीला सगळं तळं तिच्यातून बाहेर पडतं. तेव्हा ते पाणी असं खवळतं की भला मोठा ओंडकाही खाली ओढून लांबवर ओकून टाकतं. मधे थोडा वेळ मात्र पाणी थांबतं. अगदी ताटातल्या पाण्यासारखं. त्या वेळेत जायचं आणि पुढच्या थांबण्याच्या वेळेला परत यायचं. वेळ चुकली तर संपलं.

आणि ही वेळ पाहायची कशी, तर भरती-ओहोटीच्या पुस्तकात. आमचं पुस्तक हिवाळ्याच्या वेळेनं छापलेलं असतं. उन्हाळ्यात आमच्या किनाऱ्यावर सगळेजण घड्याळं एक तास पुढे करतात, पुस्तक मात्र आहे तिथेच. म्हणजे पुस्तक पाच म्हणालं की गावात सहा वाजलेले असतात. हा तास मिळवायला विसरून भले भले शहाणे खडकांवर जाऊन बसलेत. म्हणून आर्वोच्या घरात बापापासून पद्धत आहे, की बोटीवरचं घड्याळ बारा महिने हिवाळ्याच्याच वेळेला ठेवायचं. पुस्तक आणि घड्याळ दोघं एकच बोलतात, डोकं चालवायला नको. आर्वोचं मनगटी घड्याळ चावीचं. रोज सकाळी तो त्याला चावी देतो आणि बोटीच्या घड्याळाशी जुळवतो.

सकाळी कयाक छपरावरून उतरवताना माझं डोकं आधीच तापलेलं होतं. रेइनो पिवळ्या कयाकचं तोंड धरून उलटीकडे ओढत होता.

"अरे, ती गाय नाहीये, दावं ओढल्यासारखी काय ओढतोस!" मी म्हटलं.

"मग तू ये ना धरायला," तो म्हणाला.

"मी? मी कोण? मी इथली राखण करणारी कुत्री. बोट हलली तर भुंकायचं, एवढंच काम माझं."

आर्वो आपला लाल कयाकमध्ये पाण्याची बाटली, कॉफीचा थर्मास आणि वेलदोड्याचा पाव भरत होता. मला त्याचा आणखीच राग आला. भांडणात समोरचा गप्प बसला की अंगाचा तिळपापड होतो.

"संध्याकाळी पाचला निघू आम्ही तिकडून," शेवटी तो म्हणाला. "पुस्तकात पाचला पाणी थांबतंय."

"निघा नाहीतर राहा. आलात तर वाढीन, नाही आलात तर एकटी जेवीन. मला काय!"

रेइनो हसला. आर्वोनं माझ्याकडे एकदा पाहिलं, टोपी डोक्यावर दाबली आणि दोघं निघाले. खिंडीच्या तोंडाशी लाल आणि पिवळा ठिपका वळला, आणि दिसेनासा झाला.

दिवस बरा गेला. राग असला की माझ्या हातून कामं भराभर होतात. डेक धुतला, साल्मनचं सूप टाकलं, बटाटे जरा जास्तच बारीक चिरले. एक सील डोकं वर काढून माझ्याकडे बघत होता, त्यालाही दोन शब्द सुनावले. केबिनचा नळ आज गळत नव्हता. दाराचं कुरकुरणं बंद झालं होतं. म्हणजे आमचे बंधुराज पहाटे उठून कामाला लागले होते तर! चला, म्हटलं, या वेळी काही मोडलं तरी नाही.

दुपारी रेडिओवर हवामान लावलं. तो कोरडा, मशीनसारखा आवाज म्हणाला, दुपारी चार वाजताचा अंदाज, वारा वायव्येकडून, हलका. मी सूप ढवळता ढवळता सवयीनं घड्याळाकडे पाहिलं.

चार वाजून गेले होते.

आधी मला काही कळलंच नाही. ढवळत राहिले. मग हात थांबला. रेडिओ चार म्हणतो तेव्हा आमच्या घड्याळात तीन असतात. नेहमी. इतकी वर्षं. मी जवळ जाऊन पाहिलं. काच स्वच्छ पुसलेली, पितळेच्या कडेला तेलाचं बोट लागलेलं.

"रेइनो!" मी रिकाम्या बोटीत एवढ्यानं ओरडले की बाहेरचा सील बुडी मारून पळाला.

त्यानं घड्याळ नीट केलं होतं. तासभर मागे पडलेलं बिचारं घड्याळ! आणि आर्वोनं सकाळी आपलं घड्याळ त्याच्याशी जुळवलं होतं. म्हणजे त्याच्या मनगटावर पाच वाजतील तेव्हा पुस्तकाचे चारच वाजलेले असणार. पाणी थांबायला अजून अख्खा तास. तळं अजून भसाभसा रिकामं होत असणार, आणि हे दोघं त्याच्या तोंडात शिरणार. सकाळी जाताना घड्याळ बघावंच लागलं नव्हतं, बाहेरून पाणी थांबलेलं समोर दिसतं; आतल्या बाजूनं मात्र ती खिंड फसवी आहे. वरून पाणी गुळगुळीत दिसतं, कळत नाही. वळण घेतलं की मग खालची उसळी दिसते, आणि तेव्हा मागे फिरता येत नाही.

मी हातातला डाव तसाच टाकला.

बोलायच्या छोट्या रेडिओवर आर्वोला हाका मारल्या, त्याचा जोड त्याच्याजवळ असतो. मधे डोंगर. नुसती खरखर. भोंगा वाजवायला हात गेला, आणि मी तो असा मागे घेतला की जणू चटका बसला. आमच्यात भोंग्याचा अर्थ एकच, असाल तसे निघून या. मी भोंगा वाजवला असता तर सायमाला काहीतरी झालं म्हणून तो पाच वाजायचीही वाट न बघता त्या पाण्यात घुसला असता. त्याला 'या' म्हणायची सोय होती माझ्याकडे. 'येऊ नको' म्हणायची काहीच नव्हती.

एकच होती. वल्हं. कयाकवाल्यांची खूण सगळीकडे तीच. वल्हं उभं धरलं तर या, डोक्यावर आडवं धरलं तर थांबा. पण त्यासाठी मी त्याला दिसायला हवी, आणि तीही खिंडीच्या आतल्या बाजूला. बोट तिथे जात नाही. माझी कयाक एकटीनं छपरावरून उतरत नाही. राहिली ती रबरी होडी, आणि पुढे जमिनीवरून अस्वलांची पायवाट.

म्हणजे बोट सोडायची. बोटीवर कोणी नाही, ओहोटी चालू, आणि मी जाणार रानात. मी शेगडी बंद केली. नांगराच्या दोराला हात लावून पाहिला, ताठ होता. "राहा गं बाई नीट," असं बोटीला म्हटलं, छपरावरून माझं वल्हं ओढून काढलं, आणि निघाले.

होडी वल्हवत काठाला लावली तोपर्यंत ठीक होतं. पुढचे खडक शेवाळानं माखलेले. वल्हं काठीसारखं टेकत, कधी बसून घसरत, एकदा चक्क रांगत मी वर चढले. डॉक्टर बघते तर त्यांना चक्कर आली असती. पायवाटेवर अस्वलाची ताजी विष्ठा, बेरींच्या बियांनी भरलेली. अस्वलांच्या मुलखात गुपचूप चालायचं नसतं, मोठ्यानं काहीतरी बोलत जायचं, म्हणजे ती आपण होऊन बाजूला होतात. लोक गाणी म्हणतात. मी रेइनोला शिव्या देत गेले. फिनिश संपल्या तेव्हा इंग्रजी काढल्या. लहानपणी त्यानं माझी सायकल 'नीट' केली होती तिथपासून सुरुवात केली. एकही अस्वल वाटेला आलं नाही.

शिव्यांच्या मधे मधे मात्र एकच वाक्य डोक्यात येत होतं. नाही आलात तर एकटी जेवीन. मीच म्हटलेलं. माझ्याच तोंडानं, सकाळच्या पहिल्या कॉफीनंतर, नवऱ्याच्या तोंडावर. देवा, म्हटलं, असलं काही ऐकून घेऊ नकोस, मी रोजच काहीबाही बोलते.

खिंडीचा आवाज आधी ऐकू आला. चढावर आले तेव्हा खाली ते पाणी दिसलं. पांढरं, फेसाळ, मधे खड्डे पडलेले. मी तिकडे बघायचं टाळलं आणि डावीकडे, तळ्याच्या बाजूला, त्या शेवटच्या खडकाकडे निघाले. खुबा आता ठणकत होता. ठणकू दे मेला.

खडकावर पोचले आणि पाहिलं तर ते येतच होते.

पिवळी कयाक पुढे, लाल मागे. पाणी आरशासारखं होतं. दोघं हलके हलके वल्ही मारत, गप्पा करत येत होते. मी ओरडले. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही. मग मी पाय रोवले, वल्हं दोन्ही हातांनी डोक्यावर आडवं धरलं, आणि धरून ठेवलं. आर्वो, वर बघ. आर्वो, एकदा वर बघ रे.

त्यानं पाहिलं.

त्याचं वल्हं मधेच थांबलं. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण त्याचे खांदे मी ओळखते. तो रेइनोला काहीतरी ओरडला. रेइनोनं मागे वळून पाहिलं, हसून हात केला, आणि तेवढ्यात त्याची कयाक आपसूक पुढे सरकायला लागली. तो वल्हवत नव्हता तरी ती चालली होती. त्याचं हसणं गेलेलं मला तिथून कळलं. तो मागे वल्ही मारायला लागला, पण त्याचा जोर पुरत नव्हता.

आणि माझा नवरा, ज्याला मी थांब म्हणत होते, तो थांबला नाही. तो त्याच्यामागे गेला.

मी ते वल्हं तसंच धरून उभी होते, मूर्खासारखी. दुसरं काय करणार? आर्वोनं चार-पाच दणकट हात मारले, आपली कयाक रेइनोच्या कयाकच्या बाहेरच्या अंगाला घातली आणि तिचं तोंड ढकलून काठाकडे वळवलं. "मार! मार!" एवढं ऐकू आलं. दोघं तिरपे, खेकड्यासारखे, माझ्या खडकाकडे सरकायला लागले, आणि त्याच वेळी खालीही जात होते. खडकाच्या कडेला समुद्री शेवाळाचे जाड पट्टे असतात, माणसाच्या मनगटाएवढे. रेइनोनं एक पकडला. कयाक गर्रकन फिरली, पण त्यानं सोडला नाही. ट्रॅक्टरवाल्याचे हात ते, कधी नव्हे ते कामाला आले.

आर्वोला पट्टा सापडला नाही. त्याचा हात पाण्यात नुसता फिरत होता.

मी खडकावर पालथी पडले आणि वल्हं पुढे केलं. जेवढा हात लांब होईल तेवढा केला, आणि मग आणखी थोडा. वल्ह्याच्या पात्यावर त्याची बोटं आली. निसटली. पुन्हा आली. या वेळी पक्की.

"धरलंस?" मी ओरडले.

"धरलं! ओढू नकोस, नुसती पकडून ठेव!"

ओढू नकोस म्हणे! मी ओढलंच.

तो खडकाच्या आडोशाला आला, तिथे पाणी शांत होतं. मग रेइनोही पट्ट्यापट्ट्यांना धरत माकडासारखा येऊन टेकला. दोघं वर चढले. आर्वो माझ्यासमोर उभा राहिला, गुडघ्यापासून खाली पाणी गळतंय, टोपी गेलेली. मी त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी बडवलं, मग तीच छाती घट्ट धरली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. मी हसत होते का रडत होते ते मलाच समजेना.

"जरा जोरातच आहे पाणी, नाही?" रेइनो म्हणाला.

"जरा?" मी वळले. "बोटीतलं घड्याळ तू हलवलंस?"

"हलवलं कुठे? नीट केलं. तासभर मागे होतं."

आर्वोनं सावकाश मनगट वर केलं, घड्याळाकडे पाहिलं, मग खिंडीकडे. "म्हणजे आत्ता चारच वाजलेत," तो म्हणाला.

"ते मुद्दाम मागे ठेवतात, मुद्दाम!" मी ओरडले. "पुस्तकासाठी!"

"मला कोणी सांगितलं? आमच्याकडे घड्याळं पुढेमागे करतच नाहीत. आमच्याकडे घड्याळ म्हणजे घड्याळ!"

मी वल्हं उगारलं. आर्वोनं ते हळूच माझ्या हातातून काढून घेतलं. "मोडेल," तो म्हणाला. वल्ह्याची काळजी हो, मेव्हण्याच्या डोक्याची नाही.

रेइनोचा चेहरा मात्र तेव्हा उतरला. त्यानं पुन्हा एकदा त्या पांढऱ्या पाण्याकडे पाहिलं आणि तो मटकन खाली बसला. "सायमा," एवढंच म्हणाला. लहानपणी सायकल मोडली तेव्हाही त्यानं असंच तोंड केलं होतं. मग मलाच दया आली. थर्मासमधली कॉफी आधी त्याला दिली.

"बोटीवर कोण आहे?" आर्वोनं विचारलं.

"कोणी नाही."

तो बोलेल असं मला वाटलं. त्यानं मी आले त्या खडकांकडे पाहिलं, माझ्या खरचटलेल्या तळहातांकडे पाहिलं, आणि अंगातलं कोरडं जाकीट काढून माझ्या खांद्यावर टाकलं.

पाणी थांबेपर्यंत आम्ही तिथेच बसलो. पाव खाल्ला. ऊन डोंगरावर चढत गेलं. खिंडीचा आवाज हळूहळू बसत गेला, आणि मग एकदम लक्षात आलं की पक्षी ऐकू येतायत.

उठायला गेले तर खुब्यानं साफ नकार दिला. त्या पायवाटेनं परत जाणं आता माझ्याच्यानं होणार नव्हतं.

"मी जातो चालत," रेइनो म्हणाला. "होडी घेतो, बोटीवर जातो. तू माझ्या कयाकमधून ये."

"अस्वलं आहेत वाटेत," आर्वो म्हणाला. "मोठ्यानं बोलत जा."

"काय बोलू?"

"मला शिव्या दे," मी म्हटलं. "तुला मुद्दे कमी पडायचे नाहीत. आणि बोटीवर गेल्यावर कशाला हात लावशील तर याद राख. हात खिशात घालून बस."

तो गेला. रानातून बराच वेळ त्याचा आवाज येत होता. तो कोणाला शिव्या देत होता ते नीट ऐकू आलं नाही, पण बहुतेक स्वतःलाच.

आर्वोनं पिवळी कयाक धरली आणि पोत्यात बटाटे भरावेत तसं मला तिच्यात भरलं. आधी चांगला पाय, मग बसायचं, मग दुसरा पाय दोन्ही हातांनी उचलून आत. मी तीनदा ओरडले, तो दोनदा हसला. मग त्यानं हलकं ढकललं, आणि मी पाण्यावर होते. दोन उन्हाळ्यांनी. कयाकच्या बुडाखाली पाणी हललं ते थेट अंगाला कळलं. हात विसरले नव्हते. काहीच विसरले नव्हते.

आम्ही खिंडीत शिरलो. मघाशी जिथे खड्डे पडत होते तिथे आता डोंगराची सावली सुद्धा हलत नव्हती.

"एरवी मी इथे आलो की काठाला थांबतो," आर्वो म्हणाला. तो माझ्या बाजूनं चालला होता, समोर बघत. "उतरतो, वळणापर्यंत जाऊन पाणी बघून येतो, मगच निघतो. घड्याळावर कोण विसंबतं? बापानंच शिकवलंय."

"मग आज का नाही गेलास बघायला?"

त्यानं एक वल्हं मारलं, दुसरं मारलं. "म्हटलं, उशीर नको. तू एकटी जेवून घेतलं असतंस."

माझं वल्हं तसंच राहिलं हातात. माणसाशी एवढी वर्षं संसार करायचा, सकाळ-संध्याकाळ तोंडाचा पट्टा चालवायचा, आणि मनाशी धरून चालायचं की या कानानं ऐकून त्या कानानं सोडतो म्हणून. आणि हा शहाणा दिवसभर तेच उराशी धरून बसलेला!

"अरे गाढवा," मी म्हटलं, "तुझ्याशिवाय मी कधी जेवलेय का? एकदा तरी?"

"नाही."

"मग?"

"मग काय. रागावली होतीस."

मी हात लांब करून त्याच्या कयाकची कड धरली आणि दोन्ही कयाक एकमेकींना लावून ठेवल्या. डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता, तसेच वाहू दिले. त्यानं विचारलं नाही, मीही लपवलं नाही.

थोड्या वेळानं पाण्यावरचं एक पान आमच्या शेजारून उलट, आत तळ्याकडे सरकायला लागलं.

"सायमा, पाणी फिरलं. निघायला हवं."

"उद्या मी येणार आत," मी म्हटलं. "आणि परवाही. बोटीवर बसायची पाळी लावायची. तू, मी, आणि हा आहे तोपर्यंत हा, हात बांधून."

"आणि खुबा?"

"खुब्याला कोण विचारतंय?"

तो मोठ्यानं हसला. दोन्ही बाजूंच्या कातळांवरून ते हसणं परत आलं. मग आम्ही सुटे झालो आणि वल्ही मारायला लागलो. पुढे खिंड आणखी अरुंद, दोघं शेजारी मावत नाहीत, म्हणून तो म्हणाला, तू हो पुढे. मी पुढे झाले. वळणावरून लांब आमची बोट जागच्या जागी दिसली. पाणी आता समोरून अंगावर येत होतं, जोर लागत होता, खुबा बोंबलत होता. तरी मी दर चार हातांनी मान वळवून तो मागून येतोय ना ते बघत होते, आणि दर वेळी तो होता.